खांद्याजवळ मोडलेला दंड, मिरजेतलं ऑपरेशन आणि माझी डबल बेल

हा अभिप्राय लांबणार आहे. ज्यांच्या घरात आत्ता कुणीतरी खांद्याजवळ हाड मोडून, गळ्यात पट्टा अडकवून बसलंय आणि ऑपरेशन करायचं की नाही यावर चार माणसांची चार मतं पडलीत, त्यांच्यासाठी लिहितेय. मी त्या जागी बसले होते तेव्हा मला मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं.

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला त्यांच्याबद्दल खूप चांगलं सांगायचंय, आणि दोन-तीन तक्रारीही सांगायच्यात. १८९४ साली विल्यम वॉन्लेस साहेबांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला नुसतं "हाडाचं" म्हटलं तर तो "कुठलं?" असं विचारतो. म्हणून पत्त्यापेक्षा, डॉक्टरला काय विचारायचं आणि कशाची तयारी ठेवायची, हे सांगितलेलं जास्त उपयोगाचं.

मी एसटीत वाहक आहे. वय ५३, उंची पाच फुटाला थोडी कमी. हे सांगायचं कारण पुढे येईल.

गेल्या वर्षीचा जुलै. शिराळा तालुक्यातली मुक्कामी गाडी, पहाटे साडेपाचची फेरी. रात्रभर पाऊस. गाडीची पाटी बदलायला मी पुढच्या बाजूला उतरले आणि ओल्या फरशीवर पाय सटकला. हातात पाटी होती म्हणून हात टेकता आला नाही, उजवा खांदा सरळ पाराच्या कट्ट्यावर आदळला. आवाज मला ऐकू आला. लाकडी पेटीचं झाकण मोडावं तसा.

दूध घालायला आलेल्या एका बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या वाढवल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला. तासाभरात बोटं भेंड्यांसारखी सुजली, तेव्हा त्यांचे उपकार कळले. हाताला कुठेही मार लागला की अंगठी, बांगडी, घड्याळ आधी काढा. नंतर कापावं लागतं.

थांब्यावर जमलेल्या लोकांनी लगेच हाडवैद्याचं नाव सांगितलं. तेल लावून, कामट्या बांधून बसवतो म्हणे. घरी फोन केला तर आत्यांचंही तेच. त्यांच्या भावाचा हात तसाच बसला होता. मी गेले नाही. शिराळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी कारण नीट समजावलं. त्यांनी आधी मनगटाची नाडी बघितली. मग कापसाचा बोळा दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याखाली चार बोटांवर फिरवला आणि विचारलं, "ताई, दोन्ही हातांना सारखंच लागतंय ना?" खांद्याचा मोठा स्नायू चालवणारी नस त्या हाडाला वळसा घालून जाते, आणि तिथल्या कातडीला बधिरपणा आला तर नस दुखावलेली असू शकते. तुकडे मोकळे असताना कुणी चोळलं, ओढलं, तर नस आणि रक्तवाहिनी दोन्ही धोक्यात. माझी नस शाबूत होती. फोटो काढला, पट्टा बांधला आणि "मोठ्या ठिकाणी दाखवा" म्हणाले. एक रुपया घेतला नाही. माझ्या सगळ्या प्रवासातली सगळ्यात नीट तपासणी तिथे झाली.

मग आमच्या ह्यांनी ओळखीतून मला एका खासगी हॉस्पिटलात नेलं. गाव सांगत नाही. तिथे एकच फोटो बघून सांगितलं, सांधाच बदलायला लागेल, पाच लाख, आज रात्री घेऊ, निम्मे पैसे आत्ता भरा. सीटी स्कॅन नाही. मी काय काम करते हे विचारलं नाही. मी बाकावर बसले होते आणि बोलणं सगळं ह्यांच्याशी चाललं होतं. ह्यांच्या चेहऱ्यावर घाम फुटला होता. माझी थोरली मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती फोनवर म्हणाली, "आई, हाड बाहेर आलेलं नाही, सांधा निखळलेला नाही, बोटं हलतायत, नाडी लागतेय. मग आज रात्रीचीच घाई कशासाठी? दुसऱ्याला दाखव." त्या एका फोनने माझा खांदा वाचला असं मी मानते. मिरजेच्या डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं. जखम उघडी असेल, सांधा निखळला असेल, रक्तपुरवठा तुटला असेल, तर तास मोजायचे. नसेल तर सूज उतरायला आणि नीट विचार करायला काही दिवस हातात असतात. फक्त महिना घालवू नका.

मिरजेतल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न मला विचारला. ह्यांना नाही, मला. "ताई, काम काय करता?"

वाहक आहे म्हटल्यावर ते खुर्चीतून उठले. "घंटा कशी मारता ते डाव्या हाताने दाखवा." मी दाखवलं. गाडीच्या टपाला आतून लावलेली दोरी, माझी उंची कमी, त्यामुळे हात डोक्याच्या वर पूर्ण न्यावा लागतो. वरून आणखी, चालत्या गाडीत तोल सांभाळायला त्याच हाताने वरचा दांडा धरायचा. ते म्हणाले, "म्हणजे तुमचा हात खांद्याच्या वर गेलाच पाहिजे. बरं झालं सांगितलंत." आणि ते कागदावर लिहिलं. पुढचे सगळे निर्णय त्या ओळीवरून झाले.

सीटी केला, त्याला ४,५०० रुपये. संगणकावर हाड गोल फिरवून दाखवतात, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला काय झालंय. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू. बशी उथळ, लिंबू मोठं, म्हणून तर हात सगळीकडे फिरतो. लिंबू म्हणजे दंडाच्या हाडाचं डोकं. त्याच्याखाली दोन उंचवटे, एक मोठा, एक लहान. हात उचलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या दोऱ्या या दोन उंचवट्यांना बांधलेल्या. खाली हाडाची दांडी. डोकं, दोन उंचवटे आणि दांडी, असे चार भाग. अमेरिकेतल्या चार्ल्स नीर या सर्जनने १९७० मध्ये याची मोजणी ठरवून दिली, ती अजून वापरतात. एखादा भाग जागेपासून १ सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त वळला तरच तो 'सुटा' धरायचा. नुसती भेग कितीही भयंकर दिसली तरी ती मोजायची नाही. माझे चारही सुटे होते. मोठा उंचवटा दीड सेंटीमीटर वर आणि मागे ओढला गेला होता.

यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते मला सगळ्यांना सांगायचंय. त्यांनी ऑपरेशन न करण्याची बाजू आधी मांडली. म्हणाले, "या जागेची बरीच फ्रॅक्चर मी पट्ट्यावरच ठेवतो. चाकू लावून काही वेगळं मिळत नाही." याच प्रश्नावर झालेला एक अभ्यास मुलीने रात्री मला वाचून दाखवला. ब्रिटनमधली ३२ हॉस्पिटलं, २५० रुग्ण, २०१५ साली छापलेला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना पट्टा. दोन वर्षांनी दोन्हीकडच्यांची स्थिती जवळजवळ सारखी. ज्यांच्या आई-वडिलांचं वय सत्तर-पंचाहत्तर आहे, हाड थोडंच सरकलंय, त्यांनी हे आपल्या डॉक्टरला जरूर विचारा. "ऑपरेशन केलं नाही तर काय होईल?" या प्रश्नाला जो डॉक्टर चिडतो, त्याच्यासमोरून उठावं, असं माझं मत झालंय. मात्र, त्याच अभ्यासात सांधा निखळलेले आणि ज्यांना ऑपरेशन लागणारच असं सर्जनला स्पष्ट दिसत होतं ते रुग्ण घेतले नव्हते. म्हणून तो सगळ्यांना सरसकट लावून चालत नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं.

माझ्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं. मोठा उंचवटा तिथेच जुळला तर हात वर नेताना तो वरच्या हाडाला अडेल. हात खांद्यापर्यंत येईल, पुढे नाही. घरकामाला चालेल, घंटेला चालणार नाही. सांधा बदलायचा, तर या वयात आपलं हाड वाचवायचा प्रयत्न आधी व्हावा. उलटा सांधा म्हणून एक असतो. १९८५ मध्ये फ्रान्समधल्या पॉल ग्रामों यांनी तो आजच्या रूपात आणला. त्यात चेंडू बशीच्या जागी आणि बशी चेंडूच्या जागी बसवतात, म्हणजे तुटक्या दोऱ्यांऐवजी बाहेरचा मोठा स्नायू हात उचलतो. सत्तरीच्या पुढच्या, हाड भुसभुशीत झालेल्या माणसाला तो फार उपयोगी पडतो. म्हणजे पहिल्या हॉस्पिटलने सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. ती माझ्यासाठी नव्हती.

मग उरली प्लेट, म्हणजे मोडलेले तुकडे धातूच्या पट्टीने आणि स्क्रूने जोडायचं ऑपरेशन. आता तिचे धोके. हेही त्यांनी न लपवता सांगितले. दंडाच्या हाडाच्या डोक्याकडे जाणारा रक्तपुरवठा या मोडण्यात तुटलेला असू शकतो. मग प्लेट उत्तम बसली तरी वर्ष-दोन वर्षांनी डोक्याचं हाड वाळू शकतं. डोकं खचलं तर स्क्रूची टोकं सांध्यात घुसतात. तसं झालं तर पुन्हा ऑपरेशन, कदाचित तेव्हा उलटा सांधा. सीटीवर त्यांनी एक जागा दाखवली, डोक्याच्या आतल्या बाजूला चिकटून राहिलेला दांडीचा कोपरा. तो ८ मिलिमीटरपेक्षा लांब असेल आणि आतली बिजागरी, म्हणजे डोकं आणि दांडी आतून जिथे जुळतात ती कड, फारशी सरकली नसेल, तर रक्त शाबूत असण्याची आशा जास्त. माझा ११ होता. मी तो आकडा हातावर पेनने लिहून घेतला होता. डाव्या हाताने नाही जमलं, मुलीने लिहिला.

शेवटी त्यांनी विचारलं, "तंबाखू, मिश्री?" मी मान खाली घातली. एकवीस वर्षं मिश्री लावत होते. पहाटेच्या ड्यूटीला ती लागायचीच. म्हणाले, "निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. आधीच रक्त कमी असलेल्या हाडाला तुम्ही आणखी उपाशी ठेवणार. माझं ऑपरेशन मी नीट करीन, पण मिश्री बंद करणं तुमचं काम." त्या दिवशी डबी मुलीकडे दिली. पहिले दहा दिवस डोकं ठणकायचं, चिडचिड व्हायची, आणि हाताच्या दुखण्यापेक्षा मला त्याचाच त्रास जास्त झाला. परत घेतली नाही.

ऑपरेशन पाचव्या दिवशी झालं. तोवर सगळा दंड, काखेखालची बरगडी आणि कोपरापर्यंत कातडी जांभळी-काळी पडली होती. ते बघून घरचे घाबरतात. मोडलेल्या हाडाचं रक्त खाली उतरतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पिवळं होऊन जातं, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर आत्यांनी दोन दिवस जेवण टाकलं नसतं.

भूल देणाऱ्या मॅडम आदल्या संध्याकाळी स्वतः येऊन बसल्या. पूर्ण भूल आणि शिवाय मानेत एक इंजेक्शन, ज्याने नुसता तो हात बधिर होतो. त्यांनी सांगून ठेवलं, त्या बाजूची पापणी थोडी मिटेल, आवाज घोगरा होईल, आणि श्वास पूर्ण भरत नाही असं वाटेल, कारण त्या बाजूचा श्वासाचा पडदाही काही तास सुस्त होतो. दम्याचा त्रास असेल तर आत्ताच सांगा. शुद्धीवर आल्यावर अगदी तसंच झालं. उजवी पापणी अर्धी मिटलेली, आवाज घोगरा. धाकटा रडायला लागला, त्याला वाटलं आईला लकवा मारला. सांगितलेलं होतं म्हणून मी शांत राहिले.

ऑपरेशन दोन तासांचं. छेद खांद्याच्या पुढून काखेच्या दिशेने, बारा सेंटीमीटर. फिलॉस प्लेट, टायटॅनियमची, ९ स्क्रू. या प्लेटची खुबी अशी की स्क्रूचं डोकं प्लेटमध्येच आट्यांनी घट्ट बसतं, त्यामुळे भुसभुशीत हाडातही ते सहज ढिलं होत नाही. स्नायूंच्या दोऱ्यांतून जाड धागे ओवून ते प्लेटच्या भोकांना बांधतात, म्हणजे सुटलेले उंचवटे जागेवर खेचले जातात. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी फोटो दाखवून हे समजावलं. एक लांब स्क्रू खालून तिरका डोक्यात गेलाय, तो डोक्याला खालून टेकू देतो. मला तो आमच्या गोठ्याच्या आढ्याला लावलेल्या तिरक्या टेकूसारखा वाटला. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, "बरोब्बर तेच."

आता तक्रार पहिली. मानेतल्या इंजेक्शनचा असर मध्यरात्रीनंतर उतरतो, आणि तो हळूहळू नाही उतरत. पहाटे तीनला मी झोपेतून किंचाळून उठले. मॅडमनी फाइलमध्ये लिहिलं होतं की असर उतरायच्या आधी वेदनेची गोळी-इंजेक्शन द्यावं. रात्रपाळीला तीन खोल्यांना एकच सिस्टर, ती बिचारी पळत होती. इंजेक्शन यायला पाऊण तास गेला. हा पाऊण तास मी विसरणार नाही. तुमच्या माणसाचं ऑपरेशन असेल तर सोबत बसणाऱ्याने रात्री बाराला स्वतः जाऊन आठवण करून द्या.

तक्रार दुसरी, बिल. एकूण १,५२,००० झालं, त्यात प्लेट आणि स्क्रू ३८,५००. आधी सांगितलं होतं १,३५,०००. फरक कशाचा ते विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने "असंच असतं" म्हटलं. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी तपशील काढायला लावला. त्यात एक दिवस जादा खोलीभाडं लागलं होतं, ते परत मिळालं. प्लेटच्या पाकिटावर कंपनी, आकार आणि लॉट नंबर लिहिलेले चिकट कागद असतात, ते फाइलला लावतात. त्याचा झेरॉक्स मागून घ्या. उद्या प्लेट काढायची वेळ आली किंवा दुसऱ्या गावात एमआरआय करायचा झाला तर तोच कागद विचारतात.

पट्ट्याबद्दलही लिहायला हवं, कारण तो सहा आठवडे माझ्या अंगाचा भाग होता. पहिला घेतला तो मेडिकलमधला साधा झोळीचा पट्टा, २५० रुपये. त्याची पट्टी मानेत करकचून रुतायची, हाताचं सगळं वजन मानेवर. तिसऱ्या दिवशी मान अवघडली. मग कमरेभोवती दुसरी पट्टी असलेला इमोबिलायझर घेतला, ८५० रुपये. हात पोटाशी टेकतो, मानेला आराम. पण त्याचं कापड नायलॉनचं, आणि दिवस श्रावणाचे, दमट. काखेत पुरळ आलं. मुलीने जुन्या सुती साडीच्या घड्या काखेत ठेवायची युक्ती काढली. काख धुवायची तर कमरेत पुढे वाकायचं, हात आपोआप सुटून लोंबतो, तेवढ्या फटीतून ओला रुमाल फिरवायचा. हात उचलायचा नाही. आडवं झोपता येत नाही, मागे रेलूनच झोपावं लागतं. आमच्याकडे कुठली तसली खुर्ची? भिंतीला तक्क्या, त्यावर दोन वाकळा गुंडाळून उतार केला, आणि कोपराखाली एक उशी, म्हणजे कोपर मागे पडत नाही. कोपराखालची उशी विसरलात तर झोप येणार नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे आणि ती मी हॉस्पिटलला लेखीही दिली. सोडताना हातात व्यायामाचा एक कागद दिला. इंग्रजीत. चित्रं पुसट. फिजिओ वॉर्डात दहा मिनिटं आले आणि बोटं, मनगट, कोपर हलवायला सांगून गेले. इतकं नाजूक काम करणाऱ्या हॉस्पिटलने पुढचे सहा महिने एका न वाचता येणाऱ्या कागदावर सोडावेत? माझी मुलगी होती म्हणून निभावलं. शेजारच्या खाटेवर कवठेमहांकाळकडच्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्यांच्या घरी तो कागद कोण वाचणार होतं?

म्हणून तो क्रम इथे मराठीत लिहिते. हा माझ्यासाठी ठरवलेला क्रम आहे, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. पहिल्या दिवसापासून मूठ उघडणं-मिटणं आणि कोपर सरळ-वाकडं, दिवसातून निदान पाच वेळा, नाहीतर खांदा राहतो बाजूला आणि कोपर आखडतं. दुसऱ्या दिवसापासून लोलक. डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायचं आणि उजवा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा लोंबता सोडायचा. अंग हलवायचं, हात आपोआप डोलतो. हात स्वतः हलवायचा नाही, हेच सगळ्यांचं चुकतं. सहा आठवडे उजव्या हाताने स्वतःच्या ताकदीने काहीही उचलायचं नाही. हात वर न्यायचा तो डाव्या हाताने धरून, कारण उंचवटे अजून धाग्यांवर धरलेले असतात आणि स्नायूने जोर लावला तर ते पुन्हा सुटतील. सहा आठवड्यांनी फोटो. हाड धरलं असेल तर स्वतःच्या ताकदीने. वजन बारा आठवड्यांनंतर.

सहा आठवड्यांनी माझा हात स्वतःहून जेमतेम पोटापासून छातीपर्यंत यायचा. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. पुढचं सगळं श्रेय आमच्या गावातल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीचं. वय सत्तावीस-अठ्ठावीस, छोटीशी एक खोली, बैठकीला ३०० रुपये. मी तिच्याकडे ३४ बैठका केल्या. ती मला काकू म्हणायची आणि अजिबात सोडायची नाही. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, भिंतीवर बोटं मुंगीसारखी वर चढवायची, आणि जिथवर पोचतील तिथे खडूने रेघ मारून तारीख लिहायची. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या रेघा अजून आहेत. दिवाळीला रंग काढताना ह्यांनी तेवढी भिंत सोडली. ५ सप्टेंबरची रेघ माझ्या हनुवटीपाशी आहे. गणपती झाले, रेघ कपाळाला. मग पुढचे तीन आठवडे तिथेच, एक बोटही वर नाही. ती म्हणाली, "काकू, हेच आठवडे असतात. याच आठवड्यांत लोक सोडतात."

दुसरी गोष्ट कप्पी. दाराच्या चौकटीला वर कप्पी लावायची, दोरीची दोन टोकं दोन हातांत, डाव्याने खाली ओढलं की उजवा वर जातो. आमच्या आगारातल्या मेकॅनिक भाऊंना सांगितलं तर ते संध्याकाळी स्वतः घरी आले. कप्पी आणली होती, आणि दोरी कसली? गाडीतल्या घंटेची. बदललेल्या गाडीची जुनी दोरी त्यांनी धुऊन ठेवली होती. "ताई, याच दोरीवर हात चढू दे तुमचा," म्हणाले. रोज सकाळी वीस, संध्याकाळी वीस वेळा मी ती दोरी ओढली. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात रेघ डोक्याच्या वर गेली.

आणखी एक गोष्ट मिरजेच्या डॉक्टरांनी केली. बऱ्याच ठिकाणी नुसती प्लेट बसवून काम संपवतात. ते म्हणाले, "उभ्या उंचीवरून पडून हाडाचे चार तुकडे व्हावेत असं तुमचं वय नाही. हाड का मोडलं ते शोधायचं." हाडाच्या घनतेची डेक्सा तपासणी केली. कण्याचा आकडा उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला की हाडं ठिसूळ धरतात. ड जीवनसत्त्वही कमी, ११. माझी पाळी ४६ व्या वर्षीच गेली होती, ते कुणी कधी विचारलं नव्हतं. ड जीवनसत्त्वाचा आठवड्याचा कोर्स, कॅल्शियम, आणि नंतर झोलेड्रोनिक अॅसिडचं वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं ५ मिलिग्रॅमचं औषध. त्याआधी दात तपासून घ्यायला आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी करायला सांगितलं. औषधानंतर दोन दिवस कणकण आली, अंग मोडून आलं, मग गेलं. चाळिशी-पन्नाशीच्या माझ्या मैत्रिणींनो, साध्या पडण्याने मनगट, खांदा किंवा मणका मोडला तर तो पहिला इशारा समजा. पुढचं मोडणारं हाड खुब्याचं असू शकतं.

आता परवा सव्वा वर्ष झालं. आजची स्थिती खरी खरी सांगते. हात समोरून १४५ अंशांपर्यंत वर जातो, डावा १७० जातो. मागे कमरेपर्यंत पोचतो, त्याच्या वर नाही. पोलक्याचे हुक मागचे लावता येत नाहीत, म्हणून सगळी पोलकी पुढून उघडणारी शिवून घेतली. वेणी घालता येते. पदराला खांद्यावर पिन लावता येते. थंडीत पहाटे खांदा जड होतो. व्रणाच्या बाजूची थोडी कातडी बधिर आहे. पाण्याची भरलेली कळशी उजव्या खांद्यावर घेत नाही, घेणारही नाही.

साडेपाच महिन्यांनी कामावर रुजू झाले. पहिले दोन महिने आगारात पासाच्या खिडकीवर बसले. मार्चमध्ये गाडीवर. पहिली फेरी सांगली-इस्लामपूर होती. गाडी भरलेली, मशीन डाव्या हातात. मी उजवा हात वर नेला, दोरी बोटांना लागली आणि मी दोनदा ओढली. ड्रायव्हर भाऊंनी आरशातून मागे बघितलं आणि गाडी काढली. मी पुढच्या थांब्यापर्यंत कुणाचं तिकीट काढू शकले नाही.

डॉक्टर आणि भूल देणाऱ्या मॅडमना पाचपैकी पाच. रात्रीच्या देखभालीला दोन, आणि त्यात सिस्टरचा दोष नाही, माणसं कमी ठेवणाऱ्यांचा आहे. बिलाच्या काउंटरला दोन. व्यायामाच्या कागदाला शून्य. लेखी तक्रार दिल्यावर डॉक्टरांनी फोन केला आणि "तुम्हीच मराठीत लिहून द्या" म्हणाले. मी आणि मुलीने मिळून दोन पानं लिहून दिली, फिजिओवाल्या मुलीने चित्रं काढली. ती छापली का, हे पुढच्या तपासणीला गेल्यावर बघेन. ती तपासणी येत्या जुलैत आहे, दोन वर्षांचा फोटो काढायचाय. डोक्याचं हाड जिवंत राहिलंय का हे त्यात कळेल. आत्तापर्यंतच्या चार फोटोंत ते गोल आहे.